मुलांच्या पुस्तकांची राखणदार

जानेवारी २०२० मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने आपल्या सव्वाशेव्या वर्षाचे औचित्य साधून एक यादी प्रसिद्ध केली. स्थापनेपासून वाचकांनी सर्वाधिक वेळा घरी नेलेल्या दहा पुस्तकांची ती यादी होती. दहापैकी सहा पुस्तके मुलांची निघाली. पहिले स्थान मिळाले ते एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘द स्नोई डे’ या चित्रपुस्तकाला. बर्फात खेळणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलाचे हे पुस्तक तब्बल ४ लाख ८५ हजार ५८३ वेळा वाचकांच्या घरी गेले होते. यादीच्या जोडीला मात्र एक विशेष उल्लेख होता. मार्गारेट वाइज ब्राउन यांच्या ‘गुडनाइट मून’ या पुस्तकाला खरे तर या दहांत जागा मिळायला हवी होती. परंतु प्रसिद्ध झाल्यानंतरची पंचवीस वर्षे ग्रंथालयाने ते विकतच घेतले नाही, त्यामुळे ते मागे पडले, असा त्याचा आशय होता.

अमेरिकेतील घराघरांत रात्री झोपताना मुलांना वाचून दाखवले जाणारे हे पुस्तक. ते पाव शतक दाराबाहेर ठेवण्याइतका अधिकार कोणाच्या हाती होता, या प्रश्नाचे उत्तर अ‍ॅन कॅरोल मूर या एका नावापाशी येऊन थांबते. गंमत अशी की, सार्वजनिक ग्रंथालयाचे दार मुलांसाठी ज्यांनी उघडले त्यांच्यातही हेच नाव अग्रभागी घ्यावे लागते. ज्या बाईंनी मुलांना आत आणले, त्यांनीच काही पुस्तकांना बाहेर ठेवले. त्यांचे चरित्र या दोन्ही गोष्टींसह वाचावे लागते.

मूर यांचा जन्म १२ जुलै १८७१ रोजी अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यातील लिमरिक या लहानशा गावी झाला. सात भावांच्या पाठीवर जन्मलेली ही मुलगी. वडील ल्यूथर मूर वकील होते. शेतीही करत आणि राज्याच्या सिनेटचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले होते. गावची शाळा आणि पुढे मॅसॅच्युसेट्समधील ब्रॅडफर्ड अ‍ॅकॅडमी असे शिक्षण झाल्यावर मुलीने वडिलांचाच व्यवसाय करायचे ठरवले. त्या काळात मुलीने वकील होण्याची इच्छा धरणे ही साधी गोष्ट नव्हती. तरीही वडिलांनी विरोध केला नाही. त्यांच्याच कार्यालयात बसून तिचा कायद्याचा अभ्यास सुरू झाला.

१८९२ च्या जानेवारीत इन्फ्लुएंझाच्या साथीने हे सारे मोडले. काही दिवसांच्या अंतराने आई आणि वडील दोघेही गेले. त्यापाठोपाठ एका भावाची पत्नी निवर्तली आणि तिच्या दोन लहान मुलींना सांभाळण्याची जबाबदारी विशी ओलांडलेल्या अ‍ॅनवर आली. वकिलीचे स्वप्न तिथेच संपले. घरातल्या दोन पोरक्या मुलींना रोज काय वाचून दाखवायचे, हा प्रश्न मात्र सुरू झाला. पुढे आयुष्यभर जो प्रश्न त्यांच्या व्यवसायाच्या केंद्रस्थानी राहिला, तो असा घरातूनच आला होता.

भावाने ग्रंथपालाचा व्यवसाय सुचवला. स्त्रियांना प्रवेश असणारे त्या काळी जे थोडे सुशिक्षित व्यवसाय होते, त्यांपैकी हा एक. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये १८९५ साली त्यांनी ग्रंथपालनाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि वर्षभरात तो पूर्ण होताच तिथल्याच ग्रंथालयात त्यांना एक वेगळे काम मिळाले. प्रॅटच्या नव्या इमारतीत मुलांसाठी स्वतंत्र दालन ठेवण्यात आले होते. इमारतीचा आराखडा काढतानाच मुलांच्या खोलीचा विचार व्हावा, ही त्या वेळी अपूर्व गोष्ट होती. हे दालन चालवण्याची जबाबदारी मेरी राइट प्लमर यांनी या नवशिक्या तरुणीकडे सोपवली.

त्याआधीची परिस्थिती लक्षात घेतल्याशिवाय या नेमणुकीचे महत्त्व कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत बारा-चौदा वर्षांखालील मुलांना पुस्तके घरी नेता येत नसत. कित्येक ठिकाणी त्यांना आतही घेतले जात नसे. मुले गोंगाट करतात, हात घाण असतात, पुस्तके फाडतात, हा युक्तिवाद. मुलांना वाचू द्यावे की नाही, याबद्दलही दुमत होते. कादंबऱ्या वाचून मुले बिघडतात असे मानणारे पालक तिथेही पुष्कळ होते. हार्टफर्डच्या ग्रंथपाल कॅरोलाइन ह्युइन्स यांनी मुलांसाठीच्या निवडक पुस्तकांची यादी १८८२ मध्ये प्रसिद्ध केली होती. मूर यांनी त्यांना गुरुस्थानी मानले. आपल्याकडे विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी ‘बालबोध’ मासिक सुरू केले ते १८८१ साली, हे या ठिकाणी सहज आठवते. दोन दूरच्या शहरांत, एकमेकांची वार्ता नसताना, मुलांच्या हाती काय द्यावे याचा विचार एकाच सुमारास सुरू झाला होता.

प्रॅटमध्ये मूर यांनी दहा वर्षे काढली. बुटकी टेबले, मुलांचा हात पोहोचेल अशा मांडण्या, खिडकीत ताजी फुले, भिंतीवर चित्रे आणि ठरलेल्या दिवशी गोष्टी सांगण्याचा कार्यक्रम, असे त्या दालनाचे स्वरूप होते. आज कोणत्याही बऱ्या बालवाचनालयात जे दिसते, त्याचा मोठा भाग त्या दहा वर्षांत आकाराला आला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९०६ साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने त्यांना बोलावले आणि साऱ्या शाखांमधील मुलांच्या कामाची प्रमुख म्हणून नेमले. (त्याच वर्षी वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केले.) पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०१ मध्ये दिलेल्या ५२ लाख डॉलरच्या देणगीतून न्यूयॉर्कच्या वस्त्यावस्त्यांमध्ये ग्रंथालयाच्या शाखा उभ्या राहत होत्या. इमारती होत्या, पुस्तके येत होती. मुलांचे काय करायचे, याचे धोरण नव्हते. ते मूर यांनी ठरवले.

शांतता पाळा, असे बजावणाऱ्या पाट्या त्यांनी मुलांच्या दालनांतून काढायला लावल्या. वयाची अट जवळजवळ मोडीत काढली. ज्याला आपले नाव लिहिता येते त्याने एका मोठ्या काळ्या वहीत सही करायची, ग्रंथालयात आणि घरी पुस्तके नीट वापरीन आणि नियम पाळीन, असे वचन द्यायचे. की तो सभासद झाला. सही करण्यापूर्वी हात मात्र धुवावे लागत. या साध्या विधीमागे मोठा विचार होता. न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील गलिच्छ चाळींत राहणारी, पोलंड, इटली, रशियातून आलेल्या कुटुंबांतील मुले आयुष्यात पहिल्यांदाच कोणत्या तरी कागदावर स्वतःच्या नावाने उभी राहत होती. वचन त्यांचे होते, आईबापांचे नव्हते. या स्थलांतरितांच्या भाषांमधील पुस्तकेही मूर यांनी दालनांत ठेवली. मुलाने इंग्रजी शिकावे, पण त्यासाठी आजीची गोष्ट विसरावी लागू नये, अशी त्यांची धारणा होती.

मे १९११ मध्ये फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील दोन सिंहांच्या पुतळ्यांची ती प्रसिद्ध इमारत खुली झाली, तेव्हा तिच्यात मुलांसाठी मध्यवर्ती दालन होते. शाखांमधील काम इतके वाढले की, १९१३ पर्यंत न्यूयॉर्कच्या शाखांमधून बाहेर जाणाऱ्या पुस्तकांपैकी एकतृतीयांश पुस्तके मुलांची होती. याच काळात सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बडोद्याला आणून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले होते आणि बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयातही मुलांचा विभाग होता. अमेरिकेतील या चळवळीची एक लाट अशी गुजरातेतील मराठी राज्यापर्यंत पोहोचली होती.

दार उघडल्यावर खरा प्रश्न आला. आत आलेल्या मुलाच्या हाती द्यायचे काय? मूर यांचे उत्तर ठाम होते. मुलांना उत्तम तेच द्यायचे. मुलांची बुद्धी कमी प्रतीची असते, म्हणून त्यांच्यासाठी कमी प्रतीचे लिखाण चालते, हा समज त्यांना मुळातच मान्य नव्हता. आपल्या हाताखालच्या ग्रंथपालांना त्या चार गोष्टींचा आदर शिकवत. मुलांचा, मुलांच्या पुस्तकांचा, सहकाऱ्यांचा आणि आपल्या व्यवसायाचा. दालनात ठेवायचे प्रत्येक पुस्तक कोणी तरी आधी संपूर्ण वाचलेले असले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. प्रकाशकाच्या जाहिरातीवर किंवा लेखकाच्या नावावर पुस्तक विकत घेणे त्यांना मंजूर नव्हते. आजही आपल्याकडे शालेय ग्रंथालयांची खरेदी कित्येकदा कशी होते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दंडकाची किंमत वेगळी सांगायला नको.

त्या काळात बाजारात कारखान्यातून निघाव्यात तशा मालिका-कादंबऱ्यांचा सुळसुळाट होता. ठरावीक साच्याच्या, टोपणनावांनी लिहवून घेतलेल्या, स्वस्त आणि अफाट खपणाऱ्या. त्यांच्याविरुद्ध ग्रंथपालांनी आघाडी उघडली होती. बॉय स्काउट संघटनेचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज त्यात आघाडीवर होते. परंतु वाईट पुस्तके नकोत म्हणायचे, तर त्यांच्या जागी चांगली पुस्तके हवीत. ती लिहिणारे आणि छापणारेही हवेत. इथे मूर यांच्या कामाचा आवाका दिसतो. मॅथ्यूज आणि फ्रेडरिक मेल्चर यांनी १९१९ मध्ये बालपुस्तक सप्ताह सुरू केला, त्याला मूर यांचा भक्कम पाठिंबा होता. त्याच वर्षी मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने लुइझ सीमन यांच्या हाताखाली मुलांच्या पुस्तकांचा स्वतंत्र विभाग काढला. अमेरिकेतील अशा प्रकारचा तो पहिला विभाग. इतर प्रकाशक त्याच वाटेने गेले. १९२२ पासून मेल्चर यांच्या पुढाकाराने न्यूबेरी पदक दिले जाऊ लागले. हेच पदक १९२८ मध्ये ‘गे-नेक’ या कबुतराच्या कथेसाठी धनगोपाल मुखर्जी या कोलकात्याजवळ जन्मलेल्या लेखकाला मिळाले, ही बाब भारतीय वाचकाला ठाऊक असायला हवी.

मूर यांचे दुसरे शस्त्र लेखणी. ‘द बुकमन’ या मासिकात १९१८ पासून त्या मुलांच्या पुस्तकांची परीक्षणे लिहू लागल्या. मुलांच्या पुस्तकांवर सातत्याने आणि गांभीर्याने समीक्षा लिहिणाऱ्या त्या अमेरिकेतील पहिल्या व्यक्तींपैकी एक मानल्या जातात. १९२४ ते १९३० या काळात ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये त्यांचे ‘तीन घुबडे’ हे सदर गाजले. लेखक, चित्रकार आणि समीक्षक ही ती तीन घुबडे. पुढे ‘हॉर्न बुक’ या नियतकालिकात हेच सदर १९३६ पासून पुन्हा सुरू झाले. याशिवाय १९१८ पासून नाताळच्या आधी ग्रंथालयात निवडक पुस्तकांचे प्रदर्शन भरे आणि त्यासोबत भेट देण्याजोग्या पुस्तकांची यादी छापली जाई. ही यादी देशभरातील ग्रंथालये खरेदीसाठी वापरत. त्यामुळे मूर यांनी नाकारलेले पुस्तक केवळ न्यूयॉर्कमध्येच अडत नसे, त्याची वाट बहुतेक सगळीकडेच बिकट होई. प्रकाशक हस्तलिखिते, कच्ची मुद्रिते घेऊन त्यांच्याकडे येत. न आवडलेल्या पुस्तकांसाठी त्यांच्या टेबलावर एक शिक्का असे आणि तज्ज्ञांच्या मते हे पुस्तक खरेदीयोग्य नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता, असे सांगितले जाते.

हे सारे वाचून एखादी करड्या शिस्तीची मास्तरीण डोळ्यांसमोर उभी राहील. प्रत्यक्षात बाईंच्या पिशवीत निकोलस नावाचा एक लाकडी बाहुला असे, जेमतेम वीतभर उंचीचा. भेटायला येणाऱ्या लेखकांची, चित्रकारांची त्याच्याशी ओळख करून दिली जाई आणि त्याच्याशी बोलावेही लागे. मुले त्यावर खूश असत. मोठ्यांपैकी काहींची मात्र पंचाईत होई. या निकोलसवर त्यांनी लिहिलेल्या नाताळच्या कथेला १९२५ मध्ये न्यूबेरीच्या सन्मानित पुस्तकांत स्थान मिळाले. पुढे हा बाहुला एका टॅक्सीत विसरला आणि हरवला. मूळ नाव अ‍ॅनी असलेल्या या बाईंनी नाव बदलून अ‍ॅन केले, तेही त्याच क्षेत्रात लिहिणाऱ्या दुसऱ्या एका अ‍ॅनी मूर यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून. आपल्या मताची जबाबदारी दुसऱ्यावर जाऊ नये, याची ही दक्षता त्यांच्या स्वभावाला धरूनच होती.

पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समध्ये अमेरिकन समितीने उभारलेली मुलांची ग्रंथालये पाहण्यासाठी १९२१ मध्ये त्या युरोपात गेल्या. त्याच प्रवासात इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात जाऊन त्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांना भेटल्या. पीटर रॅबिटच्या या जन्मदात्रीने तोवर लेखन मागे ठेवून शेती आणि मेंढ्यांत मन रमवले होते. मूर यांच्या भेटीने उभयतांत जो स्नेह जडला, तो अखेरपर्यंत टिकला.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी नेमलेल्या माणसांकडे पाहिले तर त्यांची पारख दिसते. हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत १९२१ साली पोर्तो रिकोहून आलेल्या पुरा बेलप्रे कामाला लागल्या. आपल्या बेटावरची एकही गोष्ट ग्रंथालयाच्या मांडणीवर नाही, हे लक्षात आल्यावर बेलप्रे यांनी त्या गोष्टी आधी तोंडी सांगितल्या आणि मग लिहिल्या. त्यांचे ‘पेरेझ अँड मार्टिना’ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच शाखेत १९३७ मध्ये ऑगस्टा बेकर रुजू झाल्या. कृष्णवर्णीय मुलांची टिंगल करणारी, त्यांना विदूषक किंवा नोकर म्हणूनच रंगवणारी पुस्तके बेकर यांनी बाजूला काढली आणि सन्मानाने चित्रण करणाऱ्या पुस्तकांचा संग्रह उभारला. पुस्तक निवडणे म्हणजे काही पुस्तके नाकारणे, हे सूत्र इथे किती न्याय्य ठरते ते दिसते. तेच सूत्र दुसरीकडे किती अडचणीचे ठरले, याची कथा पुढे आहे.

मुलांच्या वाङ्मयाबद्दल मूर यांची एक पक्की कल्पना होती. लोककथा, परीकथा, अभिजात काव्य, निसर्ग. बालपण म्हणजे एक निरागस, काहीसे मंतरलेले राज्य आणि पुस्तक म्हणजे त्या राज्याचे दार. उपदेशाचे डोस पाजणारी पुस्तके त्यांना चालत नसत, ही त्यांची मोठीच पुरोगामी बाजू. पण मुलाच्या रोजच्या जगातील साध्या वस्तूंवर, आवाजांवर, शहरातील रस्त्यांवर आधारलेले लेखनही त्यांना नीरस वाटे. लूसी स्प्रेग मिचेल यांनी १९२१ मध्ये नेमक्या अशाच गोष्टींचे पुस्तक काढले आणि लहान मुलांना परीराज्यापेक्षा आपल्या भोवतालचे कुतूहल अधिक असते, असा विचार मांडला. मूर यांना तो मुळीच पटला नाही. मिचेल यांच्या बँक स्ट्रीट या संस्थेत पुढे लेखनाचे धडे घेतलेली एक तरुणी म्हणजेच मार्गारेट वाइज ब्राउन.

१ ऑक्टोबर १९४१ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, नियमानुसार मूर निवृत्त झाल्या. निवृत्ती कागदावरच राहिली. त्यांच्या जागी आलेल्या फ्रान्सिस क्लार्क सेयर्स यांच्या बैठकांना त्या येतच राहिल्या. बैठकीची जागा बदलून पाहिली तरी बाई बरोबर तिथे हजर होत, असे सेयर्स यांच्या काळाविषयी सांगितले जाते. अधिकार सोडणे ही कला काहींना साधतच नाही. मूर त्यांपैकी एक होत्या, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

‘स्टुअर्ट लिटल’चे प्रकरण घडले ते याच काळात. त्याची सुरुवात मात्र मूर यांच्याच प्रोत्साहनाने झाली होती. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचे ख्यातनाम लेखक ई. बी. व्हाइट यांच्या पत्नी कॅथरिन याच साप्ताहिकाच्या संपादक होत्या आणि दरवर्षी मुलांच्या पुस्तकांचा आढावा लिहीत. परीक्षणासाठी येणाऱ्या पुस्तकांनी घर भरून जाई. १९३८ च्या अखेरीस व्हाइट यांनी एका लेखात या पुस्तकांच्या ढिगाऱ्याविषयी लिहिले आणि मुलांसाठी लिहिणे मौजेचे असावे, असा विचार बोलून दाखवला. तो वाचून मूर यांनी त्यांना पत्र धाडले, खरोखरच मुलांसाठी लिहा असा आग्रह धरला आणि नंतरही तगादा लावला. व्हाइट यांच्याकडे एका उंदीरसदृश मुलाची अर्धवट कथा बरीच वर्षे पडून होती; पुतण्या-भाच्यांना ते ती सांगत असत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ती अखेर पूर्ण झाली.

हार्पर प्रकाशनाच्या संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांनी १९४५ च्या उन्हाळ्यात पुस्तकाची मुद्रिते मूर यांच्याकडे पाठवली. सात वर्षे ज्या पुस्तकाची वाट पाहिली, ते हाती आल्यावर बाईंना धक्का बसला. न्यूयॉर्कमधील एका सामान्य जोडप्याच्या पोटी जन्मलेले मूल हुबेहूब उंदरासारखे दिसते, आणि घरातले कोणी त्याचे विशेष काही वाटून घेत नाही! मूर यांच्या दृष्टीने अद्भुत आणि वास्तव यांच्यामधली सीमारेषा इथे पुसली गेली होती. त्यांनी व्हाइट पतिपत्नींना चौदा पानी पत्र लिहिले. पुस्तक प्रसिद्ध करू नये, त्याने लेखकाच्या लौकिकाला बाधा येईल आणि ग्रंथालयांत त्याला जागा मिळणे कठीण जाईल, असा त्याचा आशय होता. ते पत्र आज उपलब्ध नाही. त्याविषयी कळते ते व्हाइट यांच्याकडून. कॅथरिन यांनी सौम्य पण ठाम उत्तर दिले. व्हाइट यांनी स्वतः मौन पाळले आणि पुस्तक ऑक्टोबर १९४५ मध्ये बाहेर पडले.

पिशवीतल्या लाकडी बाहुल्याशी गप्पा मारायला लावणाऱ्या बाईंना उंदरासारखा मुलगा का खटकावा, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. पण कदाचित उत्तर त्यातच असावे. निकोलसच्या जगाचे नियम बाईंनी आखले होते. स्टुअर्टच्या जगाला त्यांची परवानगी लागत नव्हती.

सेयर्स यांनी प्रथम पुस्तक मांडणीवर ठेवले नाही. ते टेबलाखाली ठेवले गेले होते, असे व्हाइट यांनी पुढे १९६६ मध्ये लिहिले. वर्तमानपत्रात कुजबुज छापून आली, ग्रंथालयाच्या संचालकांपर्यंत विषय गेला आणि अखेर स्टुअर्टला दालनात प्रवेश मिळाला. दुकानांत तोवर पुस्तकाचा प्रचंड खप झाला होता. एका व्यक्तीच्या नकाराने एखादे पुस्तक अडू शकते, हे चित्र या प्रकरणाने प्रथमच मोडले. ग्रंथालयाचा शब्द अखेरचा राहिला नाही. मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी दुकानात जाऊन निर्णय दिला.

दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९४७ मध्ये, ‘गुडनाइट मून’ प्रसिद्ध झाले. हिरव्या खोलीत अंथरुणात पडलेला ससा खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेतो, एवढाच त्याचा विषय. कथा नाही, परी नाही, साहस नाही. चित्रे क्लेमेंट हर्ड यांची, संपादन पुन्हा नॉर्डस्ट्रॉम यांचेच. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने ते घेतले नाही. मूर त्या वेळी पदावर नव्हत्या, हे खरे. पण ज्यांनी निर्णय घेतला त्यांची अभिरुची बाईंच्याच तालमीत घडलेली होती. ग्रंथालयाच्या एका समारंभाचे आमंत्रण न मिळाल्याने ब्राउन आणि नॉर्डस्ट्रॉम यांनी बाहेरच्या पायऱ्यांवरच बसून आपली चहापार्टी केली, असा एक किस्सा सांगतात. ब्राउन १९५२ मध्ये वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी वारल्या. आपले पुस्तक त्या ग्रंथालयाच्या मांडणीवर गेलेले त्यांनी पाहिले नाही.

त्याच वर्षी व्हाइट यांचे दुसरे बालपुस्तक आले, ‘शार्लट्स वेब’. डुक्कर, कोळीण आणि मृत्यू यांची ही कथा आज अमेरिकी बालसाहित्यातील शिखर मानली जाते. एक्क्याऐंशी वर्षांच्या मूर यांनी ‘हॉर्न बुक’मध्ये तिच्याबद्दल नाराजी नोंदवली, फर्न या मुलीचे पात्र पुरेसे फुललेले नाही, असा त्यांचा आक्षेप होता. १९५३ चे न्यूबेरी पदक अ‍ॅन नोलन क्लार्क यांच्या ‘सीक्रेट ऑफ द अँडीज’ला मिळाले, ‘शार्लट्स वेब’ सन्मानित पुस्तकांत राहिले. यात मूर यांचा हात होता असे म्हणता येणार नाही. पण २०२० च्या त्या यादीत ‘शार्लट्स वेब’ सहाव्या क्रमांकावर आहे.

या दोन-तीन नकारांमुळे मूर यांची आठवण अलीकडे एक खाष्ट म्हातारी म्हणून काढली जाते. हे थोडे अन्यायाचे आहे. ज्या नॉर्डस्ट्रॉम यांनी त्यांना आव्हान दिले, त्या मुलांच्या पुस्तकांच्या स्वतंत्र विभागाच्या प्रमुख होत्या. असे विभाग निघाले ते मूर यांच्यासारख्यांनी त्या पुस्तकांना बाजार आणि प्रतिष्ठा मिळवून दिली म्हणून. ज्या कॅथरिन व्हाइट यांनी त्यांना उलट उत्तर लिहिले, त्या मुलांच्या पुस्तकांचे परीक्षण गांभीर्याने करत होत्या. हा पायंडाही मूर यांचाच. त्यांच्याशी भांडायला लागणारी सगळी सामग्री त्यांनीच उपलब्ध करून दिली होती. दोष द्यायचाच तर तो निवडीला देता येणार नाही. पन्नास वर्षे एकाच निकषाने निवड करत राहण्याला द्यावा लागेल. १९०६ मध्ये सात-आठ वर्षांच्या मुलाला जे हवे होते, तेच १९४७ मध्ये त्याच्या नातवाला हवे असेल, असे त्यांनी गृहीत धरले. शिवाय अगदी तान्ह्या, वाचता न येणाऱ्या मुलालाही पुस्तक लागते, ही कल्पना त्यांच्या काळ्या वहीत बसणारी नव्हती. त्या वहीत सही करण्यासाठी आधी नाव लिहिता यावे लागे.

उत्तरायुष्यात त्या न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात राहत. ‘हॉर्न बुक’मधील सदर १९६० पर्यंत चालू होते. २० जानेवारी १९६१ रोजी, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले. जॉन केनेडी यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली तो हाच दिवस. त्याच वर्षी ऑगस्टा बेकर न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या साऱ्या शाखांमधील मुलांच्या कामाच्या प्रमुख झाल्या. एकेकाळी मूर बसत त्या जागेवर प्रथमच एक कृष्णवर्णीय ग्रंथपाल आली होती.

मूर यांचे चरित्र लिहिले ते फ्रान्सिस क्लार्क सेयर्स यांनी. निवृत्तीनंतरही बैठकांना येऊन बसणाऱ्या बाईंचा सर्वाधिक जाच ज्यांना झाला असेल, त्याच या सेयर्स. पुस्तकात तक्रारीपेक्षा आदर अधिक आहे. ते १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने ‘गुडनाइट मून’ खरेदी केले, तेही त्याच वर्षी.